स्टुलाची जाडी

"या स्टुलाची जाडी कळल्याशिवाय बाबा त्यावर बसणार नाहीत!" रंगाऱ्याने जाहीर केलं आणि ताईच्या हातातून नवंकोरं प्लास्टिकचं स्टूल काढून घेतलं.

रंगारी हे त्याचं ऑफिसातलं नाव. यंत्राचा एखादा भाग वजनाखाली टिकेल की मोडेल, हे तो भाग बनण्याआधीच कॉम्प्युटरवर पाहायचं, हे त्याचं काम. टिकला तर चित्र निळं, मोडला तर लाल. दिवसभर रंग बघत बसतो, म्हणून रंगारी!

स्टूल होतं बाबांच्या आंघोळीसाठी. आजारपणानंतर त्यांना फार वेळ उभं राहवत नसे, म्हणून रंगारी त्यांना आंघोळ घालायचा. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि तेवढा वेळ एक शब्द बोलायचे नाहीत. जन्मभर कुणापुढे मान खाली न घातलेल्या माणसाची पोटच्या पोरासमोर अशी पंचाईत! आता बसून, दार लावून, आपली आपण आंघोळ करता येणार होती. त्यांना दुसरं काही नकोच होतं.

"अरे, दुकानदार स्वतः बसून दाखवत होता!" ताई म्हणाली.

"तो बसला ते स्टूल वेगळं, हे वेगळं. साच्यात प्लास्टिक सगळीकडे सारखं बसत नाही, ताई."

"मग?"

"मग पातळात पातळ जाडी धरायची, जाडात जाड धरायची, मधल्याही धरायच्या. प्रत्येकीचं गणित मांडायचं. कुठेच लाल दिसलं नाही, तर बाबा बसतील."

जाडीच्या बाबतीत त्याने कुणावरच विश्वास ठेवला नाही. वजनाचा मात्र प्रश्नच नव्हता. बाबा म्हणजे ऐंशी किलो! घरात कुणालाही झोपेतून उठवून विचारावं.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत गणितं सुरू झाली. जाड स्टूल निळं. मध्यम निळं. पातळ मात्र पायांशी लालभडक! तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले.

"हे कुठल्या गिऱ्हाइकाचं?"

"घरचं आहे, सर. बाबा बसणार आहेत."

"मग जाड करा की!" म्हणून साहेब चहाला गेले.

रंगाऱ्याला ते पटलं. त्याने वेल्डरला पोलादी स्टूल करायला सांगितलं, तेही त्याच्याकडच्या सगळ्यात जाड पत्र्याचं. इकडे बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "झालं का रे तुझं गणित?" आणि रोज सकाळी भिंतीकडे तोंड करायचे.

रविवारी वेल्डर आणि रंगारी यांनी धापा टाकत ते पोलादी धूड घरात आणलं. बाबा टॉवेल खांद्यावर टाकून आधीच बाथरूममध्ये!

"डावीकडे घ्या! आता उजवीकडे!"

दोघांनी जोर लावला. स्टूल दारात शिरलं आणि तिथेच अडकलं. ना आत, ना बाहेर! "कापायचं मशीन आणतो," म्हणून वेल्डर निघून गेला.

बाबांचे पाय थकले. ताईने आणलेलं प्लास्टिकचं स्टूल बाथरूमच्याच कोपऱ्यात पडून होतं. ते त्यांनी ओढलं आणि खुशाल बसले.

"बाबा, उठा! ते लाल आहे!"

"पांढरं आहे," बाबा म्हणाले.

रंगारी पोलादावर चढून आत उतरला. त्याने बाबांच्या काखेत हात घातले, पाय रोवले, ऐंशी किलोच्या तयारीने श्वास रोखला आणि उचललं. बाबा उशीसारखे वर आले! रंगाऱ्याचा तोल गेला, दोघांची गिरकी झाली आणि तो धपकन त्याच स्टुलावर बसला. मांडीवर बाबा!

स्टूल कुरकुरलंसुद्धा नाही.

"माझं वजन किती धरलं होतंस?"

"ऐंशी."

बाबा हसले. "ते तुझी आई होती तेव्हाचं रे!"

रोज याच अंगावर तो पाणी ओतत होता. पण बाबांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तोही नजर वळवायचा. त्या बरगड्या त्याने पाहिल्याच नव्हत्या. आता त्या हाताला लागत होत्या आणि त्याला फार फार वाईट वाटत होतं. बाप एक दिवस आपल्या मांडीवर मावेल, हे कुठल्या मुलाने गृहीत धरलेलं असतं?

"आता ऊठ, मला बसू दे," बाबा म्हणाले. "आणि जाताना दार लाव."

दार कसं लावणार? मध्ये पोलाद! शेवटी तो पुन्हा चढून बाहेर आला, बाथरूमकडे पाठ केली आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभा राहिला. आत पाणी पडू लागलं. बाबा चक्क गुणगुणत होते. मग ते थांबले.

"रडतोयस का रे?"

"नाही, बाबा. डोळ्यात साबण गेला."

"साबण माझ्या हातात आहे!"