बुधवारच्या मटणाचं गूढ

ताथवड्यात गुन्हे घडत नाहीत याचं एकमेव कारण उद्धवराव आहेत, असं खुद्द उद्धवरावांचं ठाम मत होतं. चाकणच्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून अख्खी नोकरी काढल्यामुळे माणसातली खोट ते नुसत्या चालण्यावरून ओळखत. आपल्याच पायांत दोन वेगळ्या चपला आहेत, हे मात्र त्यांना बायकोकडून, कुसुमताईंकडून कळे.

त्या बुधवारी संध्याकाळी प्रकरण थेट त्यांच्या घरातच घडलं. वरच्या खोल्यांत इथिओपियाहून इंजिनिअरिंग शिकायला आलेली हाना आणि दावित ही भावंडं भाड्यानं राहत होती. मेसचं खाऊन आणि घरची आठवण काढून पोरं पार वाळली, म्हणून कुसुमताईंनी त्यांना जेवायला बोलावलं. त्यांचा मुलगा गणराज जर्मनीत शिकत होता आणि तिथली एक शेजारीण त्याला अधूनमधून घरी जेवू घालायची. त्या बाईचे उपकार या दोघांना वाढून फेडायचे, असं ताईंच्या मनात होतं.

वार ठरवणं सोपं नव्हतं. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. रविवारपर्यंत ताईंना दम निघेना. म्हणून बुधवारी मटणाचा रस्सा, सुकं, सोबतीला कढी आणि साजूक तुपातला शिरा.

पाहुण्यांनी भाकरी, मटकीची उसळ आणि ठेचा चाटूनपुसून खाल्ला. मटणाला बोट लावलं नाही. कढीला नाही, शिऱ्यालाही नाही. "थँक्यू आंटी," म्हणत खाली मान घालून दोघं वर गेली, आणि ताई भरल्या पातेल्याशेजारी मटकन बसल्या.

"माज्या हाताची चवच गेली म्हनायची. पोरं उपाशी गेली."

"कोणी कशाला हात लावू नका!" उद्धवराव गरजले. हे त्यांनी मुख्यतः भिवाला उद्देशून म्हटलं. शेजारचा भिवा हा कंपनीतला जुना सोबती आणि आता बिनपगारी साहाय्यक. मटणाच्या बाबतीत त्याला सगळे वार सारखेच होते, आणि त्याचा हात पातेल्याच्या दिशेनं निम्म्या वाटेवर होता.

उद्धवरावांनी कंपनीतला मापं घ्यायचा व्हर्नियर काढून मटणाची फोड मोजली. "माप बरोबर आहे. म्हणजे दोष मालात नाही. आता कंपनीची पद्धत. पाच वेळा 'का' विचारायचं, की खरं कारण सापडतं. का खाल्लं नाही?"

"आवडलं नसंल," भिवा म्हणाला.

"का आवडलं नाही?"

"चव वेगळी लागली असंल. पण राव, चव घेतलीच कुठं त्यांनी?"

"मध्ये बोलू नकोस. का वेगळी लागली? कारण कुणीतरी काहीतरी मिसळलं! दुपारी मीठ बघायला स्वयंपाकघरात कोण आलं होतं?"

"मीच. तुम्हीच बोलावलं होतं."

"कबुली!" उद्धवराव आनंदले. पण भिवानं पुरावा म्हणून दोन फोडी सर्वांसमक्ष खाल्ल्या, आणखी दोन मागितल्या, आणि तो सिद्धान्त निकालात निघाला.

मग दुसरा निघाला. ही पोरं मसाल्याची कृती चोरायला आलेले हेर असून न खाण्याचं निव्वळ नाटक करत होती. तो टिकेना तेव्हा तिसरा.

"मटण, कढी, शिरा. तिन्हींत समान काय?" उद्धवरावांनी डोळे बारीक केले. "तिन्ही खिडकीच्या बाजूला ठेवली होती! भिवा, वाऱ्याची दिशा बघ."

भिवा अंगणात ओलं बोट वर धरून उभा राहिला. तेवढ्यात कुसुमताई जिन्यावरून खाली आल्या.

"तू कुठं गेली होतीस?"

"वर. इचारायला."

"काय विचारलंस?"

"म्हनलं, क्यों बेटा, तिखट हो गया क्या? तर हाना म्हनली, आज बुधवार, उपास हाय. त्यांच्यात बुधवार-शुक्रवार मटन न्हाई, दूध न्हाई, तूप न्हाई." ताईंचा आवाज जरा ओला झाला. "मेसमधी काय पाळत न्हाईत म्हनं. पन घरात पंगतीला बसल्यावर आईची आठवन आली, म्हून पाळावंसं वाटलं. सांगायला लाजली लेकरं."

उद्धवरावांनी व्हर्नियर खिशात घातला. "माझ्या चौथ्या सिद्धान्तात हेच होतं."

"उद्या या म्हनलंय जेवायला."

"अगं, उद्या गुरुवार! या घरात गुरुवारी अंडंसुद्धा येत नाही!"

"दत्ताला मी सांगते काय ते. आपन न्हाई खायाचं, पोरांना वाढायचं."

गुरुवारी पोरं जेवली. अशी जेवली की दावितनं तिसऱ्यांदा रस्सा मागितला तेव्हा ताईंनी पदरानं डोळे टिपले. मग हानानं भाकरीच्या तुकड्यात मटणाची एक फोड गुंडाळली आणि तो घास ताईंच्या तोंडापाशी धरला. त्यांच्याकडं मायेच्या माणसाला असा हातानं भरवतात, आणि तो घास नाकारायचा नसतो, असं दावितनं सांगितलं.

कुसुमताईंनी भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीकडं पाहिलं. मग हानाच्या हाताकडं पाहिलं.

त्यांनी आ केला.

"राव," भिवा कुजबुजला, "आता काय करायचं हो?"

"यात तपासण्यासारखं काही नाही," उद्धवराव गहिवरून म्हणाले, आणि मांडी घालून बसले. "हाना बेटा, एक घास इधर भी."