बंद पंख्याचं प्रात्यक्षिक

माझी पदवी मीच आखणार, आणि अशी आखणार की समितीने ती हातोहात मंजूर करावी, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बारा वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत राहून मी लोकांना नको असलेल्या गोष्टी त्यांच्या गळी उतरवल्या होत्या. तीन प्राध्यापकांचं ते काय!

कंपनी सोडली ती एका बैठकीमुळे. पडद्यावरचं बटण निळं असावं की गडद निळं, यावर तिसरा तास चालू होता. मी टेबलावर डोकं टेकलं आणि ते परत उचलावंसं वाटेना. सगळ्यांना वाटलं, मी विचार करते आहे. बैठक संपली, माणसं गेली, दिवे गेले, मी तशीच. शेवटी सफाईच्या मावशी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्या डोक्याखालचं पुसायचं राहिलंय." दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात बाबा गेले आणि मी आईजवळ राहायला परत आले.

मन कुठेतरी गुंतवायला हवं होतं. घराजवळच्या कॉलेजात नवी सोय निघाली होती. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांनी हवे ते विषय जोडून स्वतःची पदवी आखायची, तिला नाव द्यायचं आणि ती समितीला पटवायची. मी नाव दिलं, 'बिघाडशास्त्र'. वस्तू का बिघडतात हे भौतिकशास्त्राने सांगायचं आणि बिघडलेली वस्तू माणूस का टाकत नाही हे इतिहासाने.

ही कल्पना मुळात बाबांची, म्हणजे त्यांच्या नकळत. बाबा विमा कचेरीत कारकून होते आणि उरलेल्या वेळात दुरुस्ती करायचे. त्यांच्या हाताला गुण होता असं त्यांचा सख्खा भाऊही म्हणाला नसता. त्यांच्याकडे गेलेली इस्त्री परत यायची ती पाहुण्यासारखी, नुसती बसून राहायची. मागची खोली अशा वस्तूंनी भरलेली होती, आणि त्यात मानाचं पान होतं टेबलफॅनचं. तो अकरा वर्षं बंद होता. मी वेगळी राहायला गेले त्याच सुमाराला तो बिघडला, आणि तेव्हापासून दर रविवारी मी घरी आले की बाबा म्हणायचे, "ये, टॉर्च धर." आम्ही त्याची जाळी काढली, पाती उतरवून परत चढवली, वायरवरचं बटण संशयावरून कायमचं काढून टाकलं. तळाचं झाकण तेवढं कधी उघडलं नाही. "तिथे काही नसतं," बाबा म्हणायचे.

आता त्या खोलीचं दार उघडलं की आईला धाप लागायची. तिने मला स्वच्छ सांगितलं, "तुझ्या कॉलेजला हे सामान अभ्यासाला लागणार असेल तर राहू दे. नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय. मला रोज उठून हे बघवत नाही."

समितीची बैठक शुक्रवारी होती. म्हणजे माझी पदवी नापास झाली तर बाबांची खोली रिकामी होणार होती. मी ठरवलं, नुसतं बोलायचं नाही, प्रात्यक्षिक द्यायचं. बंद पंखा समितीपुढे ठेवायचा, वायर लावायची, काहीही घडत नाही हे दाखवायचं, आणि मग काहीही का घडत नाही यावर तीन वर्षं शिकण्याची परवानगी मागायची. कंपनीत आमचा एक नियम होता. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी कुणी कशालाही हात लावायचा नाही. हा नियम मी शेकडो लोकांना सांगितला असेल. आईला सांगायचं राहिलं.

समितीत तिघं होते: उपप्राचार्या, भौतिकशास्त्राचे सर आणि इतिहासाच्या बाई. लांब टेबल, त्यावर इतरांच्या अर्जांचे गठ्ठे. मी पंखा या टोकाला ठेवला. उपप्राचार्या त्या टोकाला होत्या.

"हा पंखा अकरा वर्षं बंद आहे," मी शांतपणे म्हणाले. "तज्ज्ञ माणसाने त्यावर अकरा वर्षं मेहनत घेतली आहे. तरीही, आता बघा."

मी वायर लावली.

पंखा असा सुटला की जणू अकरा वर्षांची थकबाकी त्याला एका दमात फेडायची होती. पहिल्या झपाट्यात अर्ज उडाले. दुसऱ्या झपाट्यात ते परत आले आणि सरांच्या तोंडाला चिकटले. जाळी नव्हती, बटण नव्हतं, तळाचे रबर कधीच गेले होते. पंखा टेबलावरून थरथरत चालू लागला. वायर काढायला मी वळले तर वायर लावलेल्या भिंतीपाशी सर खुर्चीसकट सरकून बसलेले, आणि तिथून ते हलेनात.

"तो माझ्याकडे येतोय का?" उपप्राचार्यांनी विचारलं.

"येतोय," इतिहासाच्या बाई म्हणाल्या. "पण सावकाश."

टेबलाच्या मध्यावर वायर ताणली गेली, सटकली आणि पंखा थांबला. छतापाशी गेलेला एक अर्ज निवांत खाली आला.

"तर हा पंखा बंद आहे असं तुमचं म्हणणं," उपप्राचार्या म्हणाल्या.

मी आईला फोन लावला. कंपनीतली सवय, फोन लावला की बोट आपोआप स्पीकरवर जातं.

"आई, पंख्याला कुणी हात लावला?"

"चालला ना?" आईचा आवाज खोलीभर झाला. "काल तू बाहेर गेलीस तेव्हा वायरमनला बोलावलं. चार शिकलेल्या माणसांसमोर यांचा पंखा नेणार आणि तो बंद? एवढंही जमलं नाही म्हणतील लोक."

"जमलं नव्हतंच, आई."

"ते आपल्या घरातलं झालं. कॉलेजला कशाला?"

सरांनी मान पुढे केली. "काय बिघडलं होतं, विचारा जरा."

"बिघडलं काहीच नव्हतं," आई म्हणाली. "तळाचं झाकण उघडलं तर आत एक वायर सोडवून ठेवलेली. तुटलेली नाही, सोडवलेली. टोकाला टेपसुद्धा गुंडाळलेली, नीट. दोन मिनिटांत जोडली त्याने."

"कुणी सोडवली?"

"पेचकस घरात कुणाच्या हातात असायचा?"

"पण का?"

"आता का म्हणून मला विचारतेस? दुरुस्त झाला असता तर टॉर्च धरायला कोण आलं असतं?"

मी खुर्ची शोधली. ज्याच्या हाताला गुण नाही असं मी जन्मभर धरून चालले होते, त्या माणसाने सॉफ्टवेअरमध्ये मुरलेल्या आपल्या मुलीला एका सुट्या वायरीवर अकरा वर्षं झुलवलं होतं. आणि झाकणाकडे बोट दाखवून वर म्हणाला होता, तिथे काही नसतं. मला हसू येत होतं की दुसरं काही, ते मला समितीपुढे तपासून पाहायचं नव्हतं. मी पंख्याच्या पात्यावरची धूळ बोटाने पुसत राहिले.

"म्हणजे बिघाड नव्हताच," उपप्राचार्या म्हणाल्या. "मग तुमच्या बिघाडशास्त्राचा पायाच गेला."

मला सोमवार दिसू लागला. दारात हातगाडी, आणि तिच्यावर इस्त्र्या.

"थांबा हो," इतिहासाच्या बाई म्हणाल्या. "एक माणूस चांगली वस्तू अकरा वर्षं बंद ठेवतो आणि दुसरा दर आठवड्याला ती दुरुस्त करायला येतो. हे एका वर्षात शिकवून व्हायचं नाही. तीन लागतीलच."

"यात माझ्या विषयाचं काय?" सर म्हणाले.

"तुम्ही टॉर्च धरा."

सरांनी पंखा उलटा केला, तळाचं झाकण बघितलं आणि कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाले, "टेप मात्र सफाईने लावली असणार." त्यांनी सही केली. बाईंनी केली. उपप्राचार्यांनी पेन उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मंजूर. फक्त एक अट. पदवी कुठलीही असो, पहिल्या वर्षाला एक विषय सगळ्यांना सक्तीचा आहे. संगणक परिचय."

"मॅडम, मी बारा वर्षं तेच..."

"सवलत नाही. माउस कसा धरायचा इथपासून सुरुवात आहे. रोज सकाळी दोन तास. हजेरी घेतात."

टेबलावर फोन अजून चालूच होता.

"झालं का गं मंजूर?" त्यातून आई म्हणाली. "मग भंगारवाल्याला नको म्हणून सांगू ना?"

समिती माझ्याकडे बघत होती.

"आई, जरा थांब," मी म्हणाले. "मला विचार करू दे."