अर्धा सिनेमा आणि पुरा महिना

महारुद्रअप्पांनी त्या रविवारी टीव्हीवर एक जुना हिंदी सिनेमा अर्धाच बघितला, आणि तिथंच सगळं बिघडलं. पुरा बघितला असता तर घरावर ही वेळ आली नसती. पण पाचला गावाला पाणी सोडायचं होतं. माकणीचं धरण हाकेच्या अंतरावर, तरी नळाला पाणी आठ दिवसांनी यायचं (धरण उशाला आणि कोरड घशाला), आणि व्हॉल्व्हचा पाना अप्पांच्या हातात.

सिनेमा बाप-लेकाचा होता. बाप तत्त्वाचा, लेक हट्टी. तत्त्वापुढं बाप लेकालाही ओळखत नाही, हे बघून अप्पांच्या अंगावर काटा आला. बाप असावा तर असा, असं ठरवूनच ते उठले. अडचण एकच होती. त्यांचा दिग्विजय काही गुन्हा करायचा नाही. धाराशिवच्या कॉलेजात नोकरी, सुपारीचंही व्यसन नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याला बघायला पाहुणे येणार होते.

अप्पांनी व्हॉल्व्ह फिरवला. थोड्या वेळात गल्लीच्या शेवटी ओरड सुरू झाली, थेंब येत नाही म्हणून. नळाला मोटार लावून कुणीतरी पाणी ओढत होतं. अशा माणसाचा नळ महिनाभर बंद, हा नियम ग्रामसभेत अप्पांनीच करून घेतला होता. शेजारच्या रसूलभाईंचा बंद केलेला नळ आदल्याच दिवशी सुरू झाला होता. अप्पा मोटारीच्या आवाजाचा माग काढत निघाले आणि स्वतःच्याच दारात येऊन थांबले.

नळापाशी मोटार घरघरत होती. बाजूला दिग्विजय उभा. मागं धुरपदाबाई, पदर तोंडाला लावून.

"कुणी लावली?" अप्पांनी सिनेमातल्या आवाजात विचारलं.

दिग्विजयनं आईकडं बघितलं, मग खाली मान घातली. "म्या लावली, अप्पा."

गल्ली गोळा झाली. रसूलभाई म्हणाले, उद्या पाव्हणे येणार हायत, पोराचा प्रश्न हाय, दोन दिवसांनी बंद करा. पण अप्पा आता ऐकतात होय. त्यांनी पाना लावला, नळ बंद केला आणि लेकाला सुनावलं, "आजपासनं म्या तुझा बाप न्हाय. पाणीपुरवठा हाय."

(पाणीपुरवठ्याला रात्री जेवायला कुणी बोलावलं नाही.)

सकाळी पाहुणे आले. मुलीचे वडील शिवलिंगअण्णांनी हातपाय धुवायला पाणी मागितलं, आणि घरात तर घोटभर नाही; मोटारीनं ओढलेलं पाणीही अप्पांनी कालच गल्लीत वाटून टाकलं होतं. रसूलभाईंच्या बायकोनं, फातिमाबींनी, शेजारून दोन कळशा आणून दिल्या म्हणून अब्रू राहिली. पाणी शेजारून का, हे अण्णांनी विचारलं. अप्पा याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी छाती पुढं काढून सगळं सांगितलं, सिनेमासकट. लेक मान खाली घालून बसला होता. सोयरीक हातची जाणार हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

तेव्हा धुरपदाबाई चहाचा ट्रे आपटून उभ्या राहिल्या.

"मोटार म्या लावली हुती. पाव्हणे येणार म्हणून टाकी भरून ठेवावी म्हणलं. पोरगं नको नको म्हणत हुतं, अन् माझ्यापायी अंगावर घेतलं त्यानं."

अण्णा दिग्विजयकडं वळले. म्हणाले, "जो आईला गल्लीपुढं खाली बघू देत न्हाय, त्यो बायकुला बी बघू देणार न्हाय. पोरगी दिली." अप्पांच्या तत्त्वाबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत.

पाहुणे गेल्यावर अप्पांना आठवलं, खऱ्या गुन्हेगाराला अजून कुणी काही बोललेलं नाही. ते निर्धारानं बायकोकडं वळले. धुरपदाबाई नुसत्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. अप्पांनी घागर उचलली.

गावाच्या टोकाच्या बोअरवरून सायकलला घागरी लावून दोघं बाप-लेक येत होते. अप्पांना मनातून फार वाईट वाटत होतं, पण चुकलं म्हणायला जीभ वळेना.

"दिगू, त्या सिनेमाचा शेवट तू बघितलास का रं?"

"व्हय. बापाला कळतं, आपलं चुकलं. पोराला जवळ घेतो."

अप्पांनी सायकल थांबवली, घागर सांभाळत लेकाच्या पाठीवरून हात फिरवला. निम्मं पाणी दोघांच्या अंगावर सांडलं.

"अन् पुढं?"

"पुढं काय न्हाय, अप्पा. तिथंच संपतोय सिनेमा," म्हणत दिग्विजयनं सायकल माघारी बोअरकडं वळवली. "आपलं अजून एकोणतीस दिवस हाय."