माळीकाकांच्या गल्ल्या

माळीकाका कॉम्प्युटरमधल्या फोल्डरला फोल्डर म्हणत नाहीत, घर म्हणतात. लोधीपुऱ्यातल्या माझ्या फोटो स्टुडिओत ते मदतीला आले, त्यांनी तिथला लिनक्सवाला कॉम्प्युटर पहिल्यांदा उघडला अन् कपाळाला हात लावला. दर गिऱ्हाइकाचं एक फोल्डर, अन् हजारो फोल्डर एकाच डिरेक्टरीत. यादी उघडायला लावावी अन् चहा पिऊन यावं, अशी गत. "एका गल्लीत सारं बुऱ्हाणपूर कोंबलं रे तू," म्हणाले.

मग काकांनी गल्ल्या पाडल्या. आडनावाचं पहिलं अक्षर ही गल्ली, दुसरं अक्षर हा बोळ. काळे पाहिजेत? 'क' गल्ली, 'ळ' बोळ. कॉम्प्युटर पळायला लागला अन् काका हवेत. गिऱ्हाइकाला नाव विचारायचं सोडून "तुमची गल्ली कोणती?" विचारायचे. तो बिचारा आपली खरी गल्ली सांगायचा.

अशात जसोंडीच्या काळेबाई आल्या. नवरा गेलेला, दुसऱ्या दिवशी तेरावं. म्हणाल्या, मुलीच्या लग्नात ते हसले होते, तेवढा एक फोटो द्या. घरातल्या सगळ्या फोटोंत ते चिडलेलेच आहेत.

'ळ'च्या बोळात ते घरच नव्हतं. माझं डोकं सटकलं. म्हटलं, काका, घरं हलवता हलवता एखादं तापीत सोडलं का? काका पुन्हा पुन्हा त्याच बोळात शोधत राहिले.

शेवटी बाईच हळू बोलल्या, "ते स्वतः काले लिहायचे. हिंदी शाळेत शिकलेले ना."

'ल'च्या बोळात गडी दात काढून हसत होता! बाई रडता रडता हसल्या, मी हुश्श केलं.

बाई गेल्यावर मी म्हटलं, नाव दुरुस्त करून टाका. काका नाही म्हणाले. त्यांनी लिंक टाकली: घर एकच, दारं दोन, काळे म्हणून या की काले म्हणून, पोचाल तिथंच. मग ळ असलेल्या प्रत्येक आडनावाला ते 'ल'चं दार काढत बसले. त्यांच्या स्वतःच्या फोल्डरलाही काढलं: माली.

"तुम्हाला कोण माली म्हणतं, काका?"

"तुझी काकू म्हणायची. खंडव्याची, हिंदी घरातली. ळ काही जमला नाही तिला. मालीजी, मालीजी. जन्मभर सुधारत राहिलो मी." काकांनी चष्मा पुसला. "आता कोणी चुकत नाही रे."