साळोजीची न झाडलेली बंदूक

एका जंगलात, तुमच्या शाळेमागच्या झुडपात नव्हे, चांगल्या घनदाट जंगलात, साळोजी नावाचं एक साळिंदर राहत होतं. पाठीवर हे एवढाले काटे! मागच्या वर्षी बिबट्याने त्याच्यावर पंजा टाकला आणि पंधरा दिवस बिचारा तीन पायांवर लंगडला. तेव्हापासून साळोजी दिसला की बिबट्या वाट बदलायचा.

तर मुलांनो, त्या जंगलात बंदुकीची गरज कोणाला नव्हती? साळोजीला. शाब्बास! आणि बंदूक हवी कोणाला होती? साळोजीलाच. हसू नका. तुम्ही अजून कोल्हेशेठचं दुकान पाहिलेलं नाही.

कोल्हेशेठ शिकाऱ्यांच्या विसरलेल्या बंदुका विकायचा. साळिंदरांकडून मोल म्हणून काटे घ्यायचा. त्या काट्यांचं तो काय करतो, हे कोणी विचारत नसे. तुम्हीही इतक्यात विचारू नका.

साळोजी आणि त्याची बायको बकुळाबाई दुकानात गेली. शेठने दोन बंदुका पुढे ठेवल्या, एक उघडी आणि एक खोक्यात.

"ही साधी. पाच काटे. चाप ओढला की ठो!"

"आणि ही?" साळोजीने खोक्याकडे बोट केलं.

शेठने आवाज खाली आणला. "ही दुर्मीळ. अशा जगात तीनच. एक विहिरीत पडली, दुसरी कुठे आहे ते कोणी सांगत नाही. मूळचा खोका, मूळचा दोरा, दोऱ्याची गाठसुद्धा मूळची. एकदाही झाडलेली नाही."

"किती काटे?"

"सगळे."

"अहो, साधी घ्या," बकुळाबाई म्हणाली. "ती वाजते तरी."

"वहिनी, वाजणारी बंदूक काय, कोणाकडेही असते!"

साळोजी घरी आला आणि तीन दिवस जेवला नाही. साधी की दुर्मीळ? दुर्मीळ की साधी? बिळात इतक्या फेऱ्या मारल्या की जमिनीला चर पडला. शेवटी त्याने जाणकाराचं मत घ्यायचं ठरवलं. शेठनेच भर दुपारी एक घुबड आणलं. घुबडाला दिवसा दिसत नाही, म्हणून ते कोणाची बाजू घेत नाही, असं शेठचं म्हणणं. घुबडाने खोक्यावर पंख फिरवला आणि म्हणालं, "वा!"

झालं! साळोजी आनंदाने तीनदा कोलांटी खाऊन उठला. सगळे काटे काढून दिले, शेपटीचेसुद्धा. बकुळाबाई रडली, पण त्याला वाटलं ती आनंदाने रडतेय.

दुसऱ्या दिवशी बिळाच्या दारात बिबट्या उभा. तोंडात एक छान, टोकदार काटा. त्या काट्याने तो दात कोरत होता.

"कोल्हेशेठकडून घेतला," तो म्हणाला. "भारी माल आहे. म्हटलं, मूळ मालकाला भेटून यावं."

साळोजीने खोका छातीशी धरला. "माझ्याकडे बंदूक आहे!"

बिबट्या घाबरला. खरंच घाबरला, चार पावलं मागे सरला.

"अहो, झाडा!" बकुळाबाई ओरडली.

"अगं, खोका उघडावा लागेल!"

"मग उघडा!"

"दोरा मूळचा आहे गं! एकदा झाडली की किंमत निम्मी!"

बिबट्याने मान वाकडी करून पाहिलं. "गाठसुद्धा मूळची?"

"गाठसुद्धा!" साळोजीचा ऊर भरून आला. इतक्या दिवसांत कोणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता.

"मग नको हं उघडूस," बिबट्या कळवळून म्हणाला. "माझ्यानेही बघवणार नाही. असं कर, खोका नीट बाजूला ठेव. रक्ताचा डाग पडायला नको."

साळोजीने खोका नीट बाजूला ठेवला.

पुढचं सांगत नाही. तुम्हाला जेवायचं असेल, बिबट्याचं झालं होतं. जाता जाता त्याने बकुळाबाईकडे पाहिलं. तिने पाठीवरचे काटे ताठ उभे केले. तो नमस्कार करून निघून गेला.

दहाव्याला साळोजीचा धाकटा भाऊ मानाजी आला. तो खूप रडला, अगदी मनापासून. मग डोळे पुसून म्हणाला, "दादा गेला, फार वाईट झालं. खोका कुठाय?"

"भावजी, ती अवदसा मी शेठला परत करणार आहे!"

"परत?" मानाजी उडालाच. "वहिनी, एकाच मालकाची बंदूक! मालक खाल्ला गेला तरी न झाडलेली! अशी जगात दुसरी दाखवा!"

आणि तिथेच बसून, ओठ दाताखाली दाबून, तो आपले काटे उपटू लागला.

तात्पर्य: दुर्मीळ वस्तूला जास्त मोल द्यायला कचरू नका, मुलांनो. तिची किंमत दिवसेंदिवस वाढतच जाते. खोका तेवढा शाबूत ठेवा. मालक काय, पुष्कळ मिळतात.