आधी आजूबाजूचं

गुहागरला पोचल्यावर समुद्राकडे जायचं सोडून मी नागेशला फोन केला, एवढाच माझा गुन्हा. नागेश आमच्या जिंतूरचा, पण इथं जवळच हेदवीच्या शाळेवर मास्तर. आजूबाजूला बघण्यासारखं काय आहे, इतकंच विचारायचं होतं. (फिरायचं तेही पद्धतशीर, हा माझा कारकुनी बाणा.)

रेणुका, म्हणजे आमची बायको, लॉजच्या दारात चपला घालून तयार होती. तिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

"आवाज यायलाय बघा! आधी पाय बुडवून येऊ."

"समुद्र कुठं पळून जायलाय? उद्या पहाटं निघायचंय. आधी आजूबाजूचं उरकू."

रिक्षा ठरवली. हेदवीला गणपतीचं दर्शन झालं, अन् बाहेर नागेश हजर. कोकणातल्या शाळांत आमच्या परभणीकडचे मास्तर पुष्कळ, हे मला ठाऊक होतं. गावाकडच्या माणसासाठी ते किती आसुसलेले असतात, ते ठाऊक नव्हतं.

"सर, जेवल्याबिगर हलायचं न्हाई!"

त्याच्या बायकोनं ज्वारीच्या भाकरी थापल्या. पिठलं, ठेचा. मी जेवलो. जेवायला नाही म्हणणं म्हणजे आमच्याकडे सात पिढ्यांचं वैर. तेवढ्यात नागेशनं माझा घास घेतानाचा फोटो मास्तरांच्या ग्रुपवर टाकला.

वेळणेश्वरच्या देवळाबाहेर आमच्याच जिल्ह्यातल्या पालमचे महारुद्र मास्तर उभेच होते.

"नागेशकडं जेवले म्हणं! मंग आमी काय परके हाव का?"

भाकरी, पिठलं, ठेचा.

अंजनवेलचा गोपाळगड रिक्षातूनच पाहिला, कारण तिथं चारठाण्याच्या रामकिशन मास्तरांनी आम्हाला आडवं गाठलं. ठेच्यात शेंगदाणे होते, तेवढाच बदल. आख्खा महाराष्ट्र आडवा कापून मी पिठलं खायला आलो होतो!

हात धुताना रेणुका हळूच म्हणाली, "दिवस मावळायलाय. ऱ्हायलं आता."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मला खरंच लाज वाटली. रिक्षावाल्याला म्हटलं, "थेट समुद्र! आता कलेक्टरनं जरी जेवायला बोलावलं, तरी थांबायचं नाही."

वाळूवर चपला काढल्या. रेणुकानं आधी पाण्याला हळदकुंकू वाहिलं, मग पदर खोचून शिरली. पहिल्या लाटेला ती अशी खळखळून हसली, की माझं पोटही हलकं वाटलं.

इतक्यात एक माणूस हात हलवत माझ्याकडे पळत आला.

"अहो दादा..."

मी हात जोडले. "जेवण झालंय! अजिबात येणार नाही!"

"पण तुमच्या..."

"वहिनींना नमस्कार सांगा!"

त्यानं पाण्याकडे बोट दाखवलं. पाण्यातून रेणुका ओरडली, "अहो, तुमच्या चपला चालल्या की!"

बघतो तर माझा जोड लाटेवर बसून गुहागर सोडून निघालेला. तिचा मात्र तिनं वर, कोरड्या वाळूत ठेवलेला.

"तेच सांगत होतो," तो म्हणाला. "भरती आहे. माझं घर हे मागंच. जुना जोड देतो, चला. आणि आता आलाच आहात, तर चार घास खाऊनच जा."

मी आशेनं रेणुकाकडे पाहिलं. ती गुडघाभर पाण्यात, पाठ फिरवून उभी होती.

"जावा की. न्हाई म्हणू नका, लय वाईट दिसतं. मी हाय इथंच."

अन् मी अनवाणी, ढेकर देत, चौथ्या जेवणाला निघालो.