धाकट्या साडूपेक्षा जड

“चनबसप्पाच्या डब्यापेक्षा दुप्पट मोठं घर पिकअपवर चढवून दाखवलं न्हाय, तर नवी पेठेत टॉवेल विकणं सोडीन!”

ही प्रतिज्ञा गुरुशांतनं स्वतःच्याच दुकानात, तीन गिऱ्हाइकांसमोर केली. बिचारी हातरुमाल घ्यायला आली होती. ती दचकली आणि न घेताच निघून गेली!

चनबसप्पा म्हणजे त्याचा धाकटा साडू, बायकोच्या बहिणीचा नवरा. त्यानं दिवाळीत पुण्याहून फायबरचा एक डबा आणला होता. आत पलंग, शेगडी, बेसिन, सगळं. डबा पिकअपच्या पाठीवर ठेवायचा आणि निघायचं. डोंगर दिसला की थांबायचं, चहा करायचा, तिथंच झोपायचं. त्यात बसवून त्यानं वळसंगच्या सासऱ्यांना, शिवयोगी मामांना, बदामी दाखवून आणली. इथपर्यंत गुरुशांतनं गिळलंही असतं. पण परत आल्यापासून मामा भेटेल त्याला सांगत सुटले, “आमचा धाकटा जावई म्हणजे लई हौशी माणूस!”

आता सांगा, बावीस वर्षं थोरला जावई म्हणून पंगतीत पहिलं ताट ज्याचं, त्यानं हे कसं ऐकायचं? त्यात मामांना शिवरात्रीला श्रीशैलला जायचं होतं. कोणाच्या गाडीतून जाणार, ते अजून ठरलं नव्हतं. मामा पुन्हा त्या डब्यात चढले, तर थोरलेपण संपलंच म्हणायचं!

“पोटात दुखतंय म्हणा की सरळ,” बायको दाक्षायणी म्हणाली.

“माझ्या? मला आनंद झालाय, आनंद!” गुरुशांत ओरडला. या आनंदापायी तो मेहुणीचं स्टेटस दिवसातनं चौदा वेळा बघत होता आणि जेवण निम्म्यावर आलं होतं.

शेवटी तो नबीलालकडं गेला. नबीलाल ट्रकच्या बॉड्या बांधायचा. तीस वर्षांचा हात, पण असलं काम त्यानंही केलं नव्हतं.

“शेठ, आदी गाडी ठरवा,” नबीलाल म्हणाला. “गाडी किती उचलती ते बघायचं, मग तेवढंच घर बनवायचं.”

“घर मोठं पाहिजे. गाडी मिळंल की!”

“बाजारात तुरी म्हणतात ते हेच, शेठ.”

पण ऐकेल तो गुरुशांत कसला! चनबसप्पाकडं पत्र्याची शेगडी? मग आपल्याकडं कडप्प्याचा ओटा! त्याच्याकडं प्लायवूडचा पलंग? आपल्याकडं लोखंडी कॉट! वर सागवानी देवघर आणि पाचशे लिटरची टाकी. नबीलाल प्रत्येक वेळी कपाळाला हात लावायचा आणि प्रत्येक वेळी वेल्डिंगला बसायचा. घराला त्यानं खाली-वर होणारे चार लोखंडी पाय लावले. घर पायांवर उभं करायचं, पिकअप मागं घेत खाली घालायची, की पाय वर. झालं!

आता राहिली पिकअप. गुरुशांतनं सोलापुरातली सगळी शोरूम पालथी घातली. सेल्समन विचारायचे, “साहेब, वजन किती उचलायचंय?” आणि गुरुशांत विचारायचा, “साडूकडं हाय त्याच्यापेक्षा मोठी कुठली?”

एका शहाण्या सेल्समननं घराचा फोटो बघितला. “काका, पिकअप नको. सहा चाकी ट्रक घ्या. निवांत नेईल.”

“अन् शुक्रवार पेठेत दारात कसा लावू?” गुरुशांत उसळला. “शिवाय साडूची पिकअप हाय. मी ट्रक घेतला तर लोक म्हणतील, ह्यानं कांद्याचा धंदा काढला! पिकअपला उत्तर पिकअपनंच द्यायचं असतंय.”

अखेर सतराशे किलो उचलणारी एक पांढरीशुभ्र पिकअप ठरली. क्रेननं घर एका ट्रॉलीत ठेवून वजनकाट्यावर नेलं. काटेवाल्यानं ट्रॉलीचं वजन वजा केलं. सोळाशे पन्नास!

“बसलं!” गुरुशांतनं नबीलालला मिठी मारली. “वर पन्नास किलो शिल्लक!”

“टाकी रिकामी हाय, शेठ.”

“पाणी वाटेत भरू.”

“आणि आपण माणसं?” दाक्षायणीनं विचारलं.

“आपण पुढं केबिनमध्ये बसणार. केबिनचं वजन कोण धरतंय?”

केबिनमधली माणसंही वजनात धरतात, हे त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. नबीलालनं तोंड उघडलंही होतं; पण तोवर शेठ हार आणायला पळाले होते.

रविवारी स्वारी वळसंगला निघाली. गाडीचं नाक वर, ढुंगण खाली. स्टेअरिंग कसं लोण्यासारखं फिरत होतं! “बघ की, नवी गाडी किती हलकी चालती!” गुरुशांत खूश होता. पुढची चाकं जेमतेम रस्त्याला टेकताहेत म्हणून ती हलकी लागतेय, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

मामांच्या रानात गाडी थांबली. मामांनी भोवती एक फेरी मारली. देवघर दिसताच त्यांनी हात जोडले. “हे तर घर झालं की, गुरुशांतराव! आता दूध उतू घातल्याशिवाय आत कोण पाय ठेवणार न्हाय.”

गुरुशांतला स्वर्ग दोन बोटं उरला. चनबसप्पाच्या पिकअपच्या चाकाखाली नुसतं लिंबू चिरडलं होतं. आपल्याला साक्षात गृहप्रवेश! त्यानं तिथल्या तिथं अख्खी भावकी बोलावली. चनबसप्पालाही खास फोन केला. बघू दे, डोळे भरून बघू दे! टाकी काठोकाठ भरली. बायकांनी ज्वारीचं पोतं, पितळी घागरी आणि चादरींचा गठ्ठा आणून आत ठेवला. रिकाम्या घरात दूध कसं उतू घालायचं?

दाक्षायणीनं ओट्यावर दुधाचं पातेलं ठेवलं. मामा कॉटवर बसले. मग एकेक करून काका, काकू, चुलत मेहुणे आत शिरले. सतरा माणसं झाली! उतू जाणारं दूध बघायचं पुण्य कोण सोडतंय?

चनबसप्पा खालीच उभा राहून चाकांकडं बघत होता. “अण्णा, मागच्या स्प्रिंगचे पाटे पार सरळ झालेत. दहा माणसं तरी उतरवा.”

अस्सं! आता सोसवेना होय? गुरुशांतच्या काळजाला कसा गारवा मिळाला. “जळतोस काय रं? चढ की तूबी!” असं म्हणून त्यानं साडूला हाताला धरून वर ओढलं.

चनबसप्पा भरतो एकशे पाच किलो.

पातेल्यात दूध वर आलं. त्याच वेळी गाडीचं नाकही वर आलं. “आलं, आलं!” सगळे ओरडले. नक्की काय आलं, ते कळायच्या आत खालून कडाड्कन आवाज झाला. पाटा तुटला! ओटा कलला, पातेलं निसटलं आणि दूध थेट दारातनं रानात. पाठोपाठ घागरी. पाठोपाठ भावकी. मामा चादरींच्या गठ्ठ्यावर बसूनच दारापर्यंत आले, म्हणून खरचटलंसुद्धा नाही.

पुढचं सगळं चनबसप्पानं केलं. घराचे चार पाय खाली सोडले, ट्रॅक्टर लावून पिकअप ओढून काढली आणि वर गुरुशांतच्या खांद्यावर हात ठेवला. “जाऊ दे, अण्णा. मामांना श्रीशैलला मी नेतो की. तुमी दोघंबी चला माज्या गाडीत.”

तुमी दोघंबी! गुरुशांतला वाटलं, त्या तुटक्या पाट्यानं आपल्यालाच हाणलं असतं तर बरं झालं असतं. “पाटा बदलतो,” तो कसाबसा म्हणाला. “आठ दिवसात घर परत चढवतो.”

“साकु!” मामा कन्नडमध्ये कडाडले. मामा कन्नडवर आले की पुरे म्हणजे पुरे. “दूध कुटं उतू गेलं? हितं. मग घर हितंच. दूध उतू गेलेलं घर कोण उचलतंय व्हय? श्रीशैल पुढल्या वर्षी. थोरल्या जावयानं रानात घर बांधून दिलंय, आदी त्यात राहतो!”

गुरुशांतनं हळूच साडूकडं बघितलं. चनबसप्पाचा चेहरा एवढासा झाला होता. जळतंय! खरंच जळतंय! त्या दिवशी गुरुशांतनं सात पोळ्या खाल्ल्या.

पंधरा दिवस असे सुखात गेले. मग एका दुपारी दाक्षायणीनं फोन पुढं केला. बहिणीचं स्टेटस होतं. चनबसप्पानं डबा विकला होता आणि मामांच्या रानात, गुरुशांतच्या घरापासून वीस पावलांवर, पाया खणत होता. दोन खोल्या, न्हाणीघर, वर स्लॅब.

गुरुशांतनं तडक नबीलालला फोन लावला. “नबीलालभाई, आपल्या घरावर अजून एक मजला चढंल का? वजन किती होईल?”

“वजन?” नबीलाल हसला. “आता कुटं उचलायचंय, शेठ?”

गुरुशांतनं दाक्षायणीच्या फोनमधला तो पाया पुन्हा एकदा बघितला.

“मग दोन चढव,” तो म्हणाला.